पंधरा गोळ्या

“पाजलंस का गं?” आत्याबाईंनी मोरीतून विचारलं.

“पाजतेय,” मी म्हटलं.

पाजत नव्हते. तनू माझ्या मांडीवर ताठ झाली होती. मान मागं टाकलेली, मुठी आवळलेल्या, तोंड भिंतीकडं. मी तिला पुन्हा जवळ घेतलं. तिनं ओठ लावले, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं आणि असं तोंड केलं की एरवी मी हसले असते. जीभ बाहेर काढून तिनं आतलं दूध हनुवटीवर सांडू दिलं आणि टाहो फोडला.

शनिवार होता. सकाळचे साडेनऊ. कालच्या दुपारपासून ही सहावी वेळ. मला नेमकं ठाऊक होतं, कारण मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवत होते. शुक्रवार दोन वाजता – नाही. पाच – थोडं. आठ – नाही. आठ महिन्यांच्या मुलीनं दिवसभरात किती लंगोट ओले केले, तेही त्याच पानावर होतं. कालपर्यंत नऊ-दहा असायचे. आज पहाटेपासून एक.

आम्ही तेव्हा धरणाच्या वसाहतीत राहायचो. दगडी क्वार्टर्स, पुढं कॅनॉल, मागं पाण्याची टाकी. माझे यजमान कॅनॉलवर होते आणि पाणी सोडायचे दिवस असल्यामुळं चार दिवस तिकडंच मुक्कामाला होते. मी बीएस्सी झालेली, केमिस्ट्री घेऊन. तालुक्याच्या हायस्कुलात मला प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही झाले तर यादीतल्या पुढच्या नावाला पत्र जाणार होतं. तनूला सांभाळायला म्हणून सासूबाई, म्हणजे आत्याबाई, गावाहून येऊन राहिल्या होत्या. नोकरीला त्यांची ना नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की लेकरू अंगावर पितंय तोवर आईनं दिवसभर लांब राहू नये.

पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. तनूला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या टाळूवर हात ठेवला.

“अंग गार हाय. ताप नाय.”

“कान दुखत असेल.”

“कान दुखला तर कान वढील. ही तोंड फिरवती.” त्यांनी बोट धुऊन तनूच्या हिरड्यांवरून फिरवलं. “दातबी नाय टोचत. काल दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसकासुदिक आला नाय.”

ठसका आला नाही म्हणजे दृष्ट होती आणि उतरली, असं त्यांचं गणित. एरवी मी वाद घातला असता.

आत्याबाईंनी वाटीत पेज घेतली आणि चमचा तनूच्या ओठांना लावला. तिनं दोन चमचे घेतले, तिसरा थुंकला. मग माझ्याकडं पाहून पुन्हा रडायला लागली. भूक होती, मी समोर होते, आणि तिला मी नको होते.

आत्याबाई तिला खांद्यावर टाकून दारापुढच्या ओट्यावर गेल्या आणि तिथंच थांबल्या. तिथं तेलाच्या जुन्या डब्यात कोरफड लावली होती.

“हेमा, हिकडं ये.”

मी गेले.

“ही पात कुणी कापली?”

कोरफडीची एक जाड पात बुडापासून कापलेली होती. काप सुकून तपकिरी झाला होता.

“मी. केसांना लावायला.”

“कधी न्हालीस तू?”

मी वेणी मागं टाकली.

“कोरफड लावून लेकरू अंगावरनं तोडत्यात, ते मला ठावं नाय व्हय? येवढ्या बाया बगितल्या. कोन निंब वाटून लावती, कोन कोरफड. सोमवारी जायचं म्हनून तू हिला दोन दिवसांत तोडायला निघालीस? सांगून तर तोडायचं! मी रात्रंदिवस घेऊन बसले आसते. आसं कडू तोंड करून उपाशी टाकायचं लेकराला?”

“मी लावली नाही, आत्याबाई. खरंच नाही लावली.”

“मग पात कापली कशाला?”

“केसांना...”

“गप ऱ्हा.”

त्यांनी चुलीवरच्या पातेल्यातलं कढत पाणी ताटलीत ओतलं, पंच्याचं टोक बुडवलं, पिळलं, आणि मला पाटावर बसायला सांगितलं. तनूला सतरंजीवर ठेवलं. मग एखाद्या भांड्याला घासावं तसं त्यांनी मला पुसलं. एकदा, दोनदा, साबण लावून तिसऱ्यांदा. मला लाज वाटली, पण हात धरवला नाही. मलाही हवंच होतं ते. कारण बुधवारी मी ती पात कापली होती, गर बोटावर घेतला होता, ब्लाउजची दोन बटणं काढली होती, आणि मग तनू झोपेत हसली म्हणून बोट धुऊन टाकलं होतं. तीन वेळा धुतलं होतं. पण कालपासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की धुतलं ते पुरेसं होतं का? नखात राहिलं असेल का?

“आता घे हिला,” आत्याबाई म्हणाल्या.

तनूनं ओढलं. पुन्हा तेच तोंड. पुन्हा टाहो.

आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्याजागी जे आलं, ते मला रागापेक्षा नकोसं वाटलं. त्यांनी तळहात पुढं केला.

“काढ थोडं.”

“काय?”

“दूध काढ, ह्याच्यावर.”

मी चार थेंब काढले. त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि चाटला. डोळे मिटले. पुन्हा चाटला.

“कडू हाय,” त्या म्हणाल्या. “वरून नाय गं. आतूनच कडू हाय.”

कोरफड लावली नव्हती, पण लावायचं मनात आणलं होतं, आणि आता अंगातून तेच झरत होतं. आज हे लिहिताना हसू येतं. त्या पाटावर, उघड्या अंगानं, केमिस्ट्रीची पदवी घेतलेली मी हेच खरं मानून बसले होते.

“काय खाल्लंस?” आत्याबाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाय कसं? आईच्या पोटात जाईल ते लेकराच्या तोंडात उतरतं. कारलं खाल्लंस? मेथी? शेपू?”

हे असलं त्या आल्या दिवसापासून चालू होतं. वांगं नको, कोबी नको, हरभऱ्याची डाळ नको. मी मान डोलवायची आणि त्या देवळात गेल्या की खायची. पण गेले तीन दिवस मी खरंच असलं काही खाल्लं नव्हतं.

“ताकभात. कालही ताकभातच. तुम्हीच वाढला.”

“ताकभात का? तुला तर ताक आवडत नाय.”

“पोट बरं नव्हतं.”

“म्हंजे?”

“मुरडा येत होता. आव पडत होती. बुधवारी थोडं रक्त दिसलं.”

“आन मला नाय सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही...” मी थांबले. सांगितलं असतं तर त्यांनी सोमवारचं जाणं मोडलं असतं. मुरड्यानं वाकलेली सून बावीस किलोमीटर एसटीनं कशी जाईल? “आता थांबलंय. कालपासून बरं आहे.”

“आपोआप थांबलं?”

मी उठले, ब्लाउज सारखा केला आणि कपाटातून शिवणाचा डबा काढला. रिळांच्या खाली गोळ्यांची पट्टी होती. दहातल्या सात खोबणी रिकाम्या. आत्याबाईंनी अंगावर पाजणाऱ्या बाईला इंग्रजी औषध घेऊच दिलं नसतं, म्हणून ती तिथं ठेवली होती.

“कुणाची ही?”

“यांची.”

कॅनॉलवरच्या माणसांकडं ही गोळी हमखास असायची. कुठलंही पाणी पिणारी माणसं. जरा पोटात कळ आली की दिवसाला तीन, पाच दिवस. मेट्रोनिडाझोल. कॉलेजात मी तिचं सूत्रसुद्धा पाठ केलं होतं. पट्टीवरचं बारीक अक्षर वाचलं होतं, तारीख बघितली होती, आणि गुरुवारी सकाळी पहिली गोळी गिळली होती. पाजणाऱ्या बाईनं घ्यावी का, हे कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं तर सांगावं लागलं असतं.

“कडू आसती का?” आत्याबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. गुरुवार संध्याकाळपासून माझ्या तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव होती. चहा तसाच लागत होता, ताक तसंच, नुसतं पाणीसुद्धा. मला वाटलं होतं, आजारपणानं तोंड गेलंय.

मी एक गोळी पाटावर ठेवून बत्त्यानं फोडली. अर्धा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला, पाव मी. क्षणभर काही नाही. मग आत्याबाईंनी डोळे घट्ट मिटले, तुकडा हातावर थुंकला आणि मोरीकडं धावल्या. चूळ भरून आल्या तरी तोंड वाकडंच होतं.

“हेच,” त्या म्हणाल्या. “हेच हाय ते. हीच चव.”

मी रडायला लागले. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि नवीन भीतीही वाटत होती, की कडू नुसतं, की आणखी काही गेलं असेल तनूच्या पोटात?

“ऊठ. रडतीस काय? सिस्टर हाय का बघू दवाखान्यात.”

चपला घालताना माझ्याच्यानं राहवेना.

“आत्याबाई, ती पात मी केसांसाठी नव्हती कापली.”

“ठाऊक हाय मला.”

“पण लावली नाही.”

“तेबी कळलं आता.” त्यांनी तनूला दुपट्यात गुंडाळलं. “मी लावली व्हती. दिगूला, तुज्या नवऱ्याला. कापनीवर जायचं व्हतं, आन हा सव्वा वर्साचा घोडा बांधाबांधानं मागं पळायचा.”

“मग?”

“मग काय? चाटूनपुसून प्याला मेला. कडूसकट. तवापासनं त्याला कायबी वाढा, मुकाट जेवतो.”

दवाखाना वसाहतीच्या टोकाला होता. डॉक्टर सोमवार आणि गुरुवारी यायचे. बाकी दिवस साळवे सिस्टर. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी साडी, आणि आवाज असा की रांगेतली माणसं आपोआप सरळ उभी राहायची. मी पट्टी पुढं केली आणि सगळं सांगितलं.

“कुणी दिल्या?”

“घरात होत्या.”

“घरात पालसुद्धा असते. खातेस का तिला?”

आत्याबाई खाली बघून हसल्या.

“शिकलेली ना तू? शिकलेल्यांचंच हे. अडाणी बाई येऊन विचारते, सिस्टर, घेऊ का? तुम्ही वाचता आणि गिळता.” सिस्टरांनी तनूला उलटंपालटं करून बघितलं, जीभ बघितली, टाळू दाबली, लंगोट उघडला. “ओला आहे हा. कधी बदलला?”

“निघताना.”

“मग एवढी घाबरू नकोस. पाणी आहे अंगात.”

त्यांनी आत जाऊन तालुक्याला फोन लावला. अर्धा तास लागला लाइन मिळायला. त्या अर्ध्या तासात मी दवाखान्याच्या फरशा मोजल्या, तनूचा श्वास मोजला, भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक तीनदा वाचलं. आत्याबाई शेजारी तनूला चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होत्या. घुटका घुटका ती घेत होती.

सिस्टर बाहेर आल्या.

“डॉक्टर म्हणतात, औषध दुधात उतरतं. त्यानं पोरीला लगेच काही होईल असं नाही, पण चव बदलते. काही मुलं तशीच पितात, काही तोंड फिरवतात. ही फिरवणारी आहे. आणि तुझी आव, रक्त बघता कोर्स मधेच सोडायचा नाही. सोडलास तर पंधरा दिवसांनी पुन्हा इथंच येशील, आणि तेव्हा हिलाही घेऊन. पूर्ण पंधरा गोळ्या, कमी पडतील त्या मी देते. सोमवारी रात्री संपतील. नंतर एक दिवस सोडून बघ. तोवर हिला वाटी-चमच्यानं. हात धुऊन, पाणी उकळून.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि तुझं दूध पिळून टाकत जा. दर तीन तासांनी. नाही टाकलंस तर आटेल.”

परत येताना रस्त्यावर ऊन होतं. आत्याबाई माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. टाकीपाशी येऊन थांबल्या.

“आयकलंस ना काय म्हनली ती?”

“हो.”

“तीन-चार दिवस नाय घेतलं तर लेकरू इसरतं. तुजं दूधबी आटंल. कोरफड नको, निंब नको. आपोआप सुटंल. सोमवारपासनं तू मोकळी.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला नको इचारू. माज्या अंगावर नाय ती.”

घरी येऊन मी दुपारची गोळी घेतली. आत्याबाईंच्या समोर, पाण्याचा तांब्या त्यांच्याच हातून घेऊन. मग स्टीलची वाटी घेतली, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले आणि पिळलं. दुखत होतं. अर्धी वाटी झाली. रंग नेहमीसारखाच, किंचित निळसर. बाहेरून चमच्याचा आवाज येत होता आणि आत्याबाईंचा, “हां, आsss कर, माजी बाय ती.” मी वाटी मोरीत ओतली. कॅलेंडरच्या पानावर लिहिलं – एक वाजता, अर्धी वाटी.

रविवारी यजमान आले. आंघोळ करून कपाट धुंडाळायला लागले.

“माझी गोळ्यांची पट्टी कुठं गेली?”

“तुज्या बायकूनं खाल्ली,” आत्याबाई म्हणाल्या. “आन आता घरात अशी पट्टी दिसली तर तुला चारीन. सगळी, येकदम.”

ते माझ्याकडं बघायला लागले. मी तांदूळ निवडत होते.

सोमवारी मी हजर झाले. सही केली, किल्ल्या घेतल्या, बाटल्यांची यादी ताब्यात घेतली. साडेअकराला छाती दगडासारखी झाली. प्रयोगशाळेच्या मागं सामानाची खोली होती, तिथं एक बेसिन. मी दार लावलं, नळ सोडला आणि पदराआड पिळलं. पाण्याबरोबर पांढरी रेघ गोल फिरत खाली जायची. बाहेरून शिपाईमामांनी दार वाजवलं.

“मॅडम, दार का लावलंय?”

“बाटल्या धुतेय, मामा.”

“अहो, ते काम माझं आहे.”

“उद्यापासून तुमचं.”

उद्याही मीच दार लावलं. त्या दोन दिवसांत मला मुलांचे चेहरे आठवत नाहीत, हेडमास्तर काय बोलले ते आठवत नाही. बेसिन आठवतं. आणि घड्याळ. माझ्यामागं घरी तनू चमच्यानं प्यायला शिकत होती. शहाण्यासारखी. वाटी दिसली की हात पुढं करत होती. आत्याबाई कौतुकानं सांगायच्या आणि मी हसून ऐकायची. तिला चमचा आवडायला लागलाय हे ऐकलं की मी उठून ती वाटी घासायला घ्यायची.

रोज संध्याकाळी घरी आले की आत्याबाई तळहात पुढं करायच्या. मी चार थेंब द्यायची.

सोमवारी त्या म्हणाल्या, “हाय.”

मंगळवारी बराच वेळ जीभ फिरवून, “जरासं हाय.”

बुधवारची पाच दहाची एसटी पावणेसहाला आली. वसाहतीच्या फाट्यापासून घरापर्यंत मी जवळजवळ पळालेच. आत्याबाई ओट्यावर तनूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. तनूनं मला पाहून हात पसरले.

“आधी हातपाय धू,” आत्याबाई म्हणाल्या.

मी हातपाय धुतले. त्यांनी तळहात पुढं केला. चाटला. पुन्हा पुढं केला, पुन्हा चाटला. मग तनूला माझ्या मांडीवर ठेवलं.

मी तिला छातीशी घेतलं. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“घ्यायची नाही ती,” मी म्हटलं. “विसरली.”

“जबरदस्ती करू नको. नुस्ती बस.”

आम्ही बसलो. आत्याबाई समोर भिंतीला टेकून. कॅनॉलच्या पाण्याचा आवाज येत होता. तनूनं माझं मंगळसूत्र ओढलं, वाटी तोंडात घालून बघितली, सोडली. ब्लाउजचं बटण चाचपलं. मग काहीतरी आठवल्यासारखं तिनं तोंड लावलं. एकदा ओढलं. मी ते वाकडं तोंड येण्याची वाट बघत राहिले. तिनं दुसऱ्यांदा ओढलं. थांबली. मान वर करून माझ्याकडं पाहिलं, दुकानदारानं नोट उजेडात धरून बघावी तसं. मग पुन्हा खाली गेली.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मग घुटके ऐकू यायला लागले.

मला बोलायचं नव्हतं. पण ते बाहेर आलं.

“आत्याबाई, शुक्रवारी हिनं पहिल्यांदा तोंड फिरवलं ना... तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, सुटली एकदाची. घाबरले ते नंतर. आधी बरं वाटलं.”

तनूची मूठ सुटली आणि बोटं माझ्या पोटावर पसरली.

“हळू बोल,” आत्याबाई म्हणाल्या. “पितीय ती.”